वाचकांचे प्रश्न : पाळीव सरड्यांसाठी घरी वाढवायचे कीटक

पाळीव सरीसृपांना लागणारे जिवंत कीटक घरी कसे वाढवावेत, या विषयावर सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत. बहुतेक पत्रांत सरड्याचे वर्णन पानभर आहे आणि कीटकांविषयी एखादे वाक्य आहे. सरड्याच्या दुखण्याचे मूळ मात्र पुष्कळदा त्या एका वाक्यातच सापडते, म्हणून उत्तरांत कीटकांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न (पुणे) : बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्यासाठी मी काचेच्या टाकीत रातकिडे ठेवले आहेत. त्यांच्या अंगावर दोन गडद आडवे पट्टे आहेत. दर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या सकाळी निम्मे रातकिडे मरून पडलेले दिसतात, टाकीला उग्र वास येतो, आणि अंडी घालण्यासाठी ठेवलेल्या ओल्या मातीतून आजवर एकही पिल्लू निघालेले नाही. डासांमुळे त्या खोलीत रात्री द्रवाचे यंत्र लावावे लागते. यांना काही रोग झाला असेल का?

उत्तर : रोगाची शंका घेण्यापूर्वी डासांचे यंत्र दुसऱ्या खोलीत न्यावे. डासांना मारणाऱ्या द्रवातील आणि वड्यांतील औषध कीटकांच्या मज्जासंस्थेवरच काम करते, ते डास आणि रातकिडा असा भेद करीत नाही, आणि बंद खोलीत रात्रभर साठलेली त्याची वाफ सकाळपर्यंत डबा रिकामा करू शकते. मुंग्यांच्या खडूचेही तसेच आहे. मुंग्यांचा त्रास असल्यास डबा ज्या स्टुलावर ठेवला असेल त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. आपल्याकडे दुधादह्याच्या कपाटासाठी ही युक्ती पूर्वीपासून आहेच.

उग्र वास अमोनियाचा आहे. विष्ठा, उरलेले खाद्य आणि ओल एकत्र आले की तो तयार होतो, आणि वरून झाकलेल्या काचेच्या टाकीतून त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. काचेऐवजी गुळगुळीत भिंतींचा खोल प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्याच्या झाकणाचा मोठा भाग कापून तेथे धातूची बारीक जाळी बसवावी (नायलॉनची मच्छरदाणी रातकिडे कुरतडतात), आणि तळाशी माती किंवा भुसा न घालता तो कोरडा ठेवावा. अंड्यांचे कागदी ट्रे आत उभे ठेवले की विष्ठा खाली पडते आणि रातकिड्यांना एकमेकांपासून लपायला पुरेशी जागा मिळते. गर्दी झाली आणि प्रथिने कमी पडली की ते एकमेकांना खातात. पाणी उघड्या वाटीत ठेवू नये, कारण लहान पिल्ले त्यात बुडतात. ओला स्पंज किंवा गाजराचे काप पुरतात. खाद्य म्हणून भरडलेली तृणधान्ये आणि कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य चालते, मात्र ते औषध न मिसळलेले असल्याची खात्री दुकानदाराकडून करून घ्यावी.

आता पिल्लांविषयी. माती अधूनमधून वाळत असेल, किंवा अंडी घातल्यावरही प्रौढांच्या डब्यातच राहत असेल, तर काहीही निघणार नाही, कारण मोठे रातकिडे अंडी उकरून खातात. तीन-चार सेंटिमीटर खोल डबीत ओलसर कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) भरावे. मुठीत दाबल्यावर त्यातून पाणी टपकता कामा नये. वर अशी जाळी घालावी की मादीची अंडी घालण्याची लांब नळी त्यातून आत जाईल, पण तोंड जाणार नाही. दोन-तीन दिवसांनी ही डबी काढून वेगळ्या, झाकलेल्या डब्यात २८ ते ३२ अंश सेल्सिअसला ठेवावी. अंडी सुमारे दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्ले सहा ते आठ आठवड्यांत प्रौढ होतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा खूप उतरतो. त्या दिवसांत ऊब दिली नाही तर हेच चक्र दुप्पट लांबते.

आपल्याकडचा पट्टेरी रातकिडा, म्हणजे ग्रायलोड्स सिजिलेटस, ही जात मला निवडीने चांगली वाटते. परदेशांत खाद्य म्हणून सर्वाधिक वाढवला जाणारा अकेटा डोमेस्टिकस हा करडा रातकिडा एका डेन्सोव्हायरसला फार लवकर बळी पडतो. २००२ च्या सुमारास युरोपातील आणि पुढे २००९-१० मध्ये उत्तर अमेरिकेतील रातकिड्यांचे व्यवसाय या विषाणूने मोडून काढले, आणि त्यानंतर कित्येकांनी पट्टेरी जातीकडे मोर्चा वळवला, कारण ती या विषाणूला दाद देत नाही. म्हणून विषाणूची चिंता सध्या बाजूला ठेवून हवा, ओल आणि डासांचे यंत्र या तीन गोष्टी आधी सुधाराव्यात.

प्रश्न (कोल्हापूर) : माझा बिअर्डेड ड्रॅगन पाच महिन्यांचा आहे. तो फक्त मीलवर्म (कोंड्यात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळ्या) खातो. गेले काही दिवस त्याची बोटे थरथरतात आणि खालचा जबडा दाबल्यास मऊ लागतो. खिडकीतून त्याला भरपूर ऊन मिळते. कॅल्शियमसाठी मीलवर्मना पानाचा चुना लावून द्यावा, असे एका मित्राने सुचवले आहे.

उत्तर : चुना कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो दाहक असून सरड्याचे तोंड आणि अन्ननलिका भाजून काढील. आपण वर्णन केलेली लक्षणे हाडांच्या चयापचयाच्या विकाराची आहेत. या विकारात रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढून घेऊ लागते. सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याला आजच न्यावे. पुढचे सर्व उपचाराच्या जोडीला करायचे आहे, उपचाराऐवजी करायचे नाही.

सरड्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे लागते. निसर्गाने बहुतेक कीटकांत हे प्रमाण नेमके उलटे ठेवले आहे: रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे सातपट असतो, तर मीलवर्ममध्ये पंधरापटींहूनही अधिक. वाढत्या वयाच्या प्राण्याला महिनोन्‌महिने केवळ मीलवर्म दिले की हाडे पोकळ होणे ठरलेलेच असते, मग तो कितीही आवडीने खात असो. ही तूट दोन बाजूंनी भरून काढावी लागते. खाऊ घालण्याआधी एक-दोन दिवस कीटकांना शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा असे सकस खाद्य पोटभर द्यावे, कारण कीटकाच्या पोटात जे असते ते सरड्याच्याही पोटात जाते. त्यानंतर ऐन वेळी कीटक एका कोरड्या डब्यात घालून वर फॉस्फरसविरहित कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी भुरभुरवावी, डबा हलवावा आणि लगेच खायला द्यावे; रातकिडे थोड्या वेळात अंग झाडून भुकटी काढून टाकतात. ही भुकटी मिळेपर्यंत अंड्याची टरफले उकळून, वाळवून, मैद्यासारखी दळून वापरता येतात. ड जीवनसत्त्व असलेली भुकटी किती वेळा द्यायची हे पशुवैद्याने ठरवावे, कारण त्याचा अतिरेकही घातक असतो.

खिडकीच्या उन्हाचा येथे उपयोग नाही. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील बी किरण खिडकीची साधी काच जवळजवळ पूर्ण अडवते. यूव्हीबी दिवा घ्यावा आणि तो उजेड देत असला तरी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारणपणे सहा ते बारा महिन्यांत, बदलावा. आपल्या हवामानाचे एक वरदान असे की कोवळे थेट ऊन जवळजवळ वर्षभर मिळते. सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून, स्वतः जवळ बसून त्याला वीस-तीस मिनिटे उन्हात ठेवावे. घारी आणि मांजरे यांच्यावर लक्ष असू द्यावे.

मीलवर्म कायमचे बंद करण्याची गरज नाही, पण तो मुख्य आहार होऊ नये. कीटकाची लांबी सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून जास्त नसावी, आणि न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नयेत, कारण ते झोपलेल्या आणि विशेषतः अशक्त सरड्याला चावतात.

प्रश्न (डोंबिवली) : जुलै लागला की माझ्या मीलवर्मच्या कोंड्यावर भुरकट धूळ जमते आणि नीट पाहिले तर ती धूळ चालते. अळ्याही कमी होतात.

उत्तर : ते धान्यातील कोळीवर्गीय बारीक जीव आहेत. गिरणीतून आणलेल्या कोंड्यात ते किंवा त्यांची अंडी आधीच असतात आणि पावसाळ्यातील दमट हवेत त्यांना उधाण येते. अळ्या, कोष आणि भुंगेरे हाताने वेचून किंवा चाळून वेगळे करावेत, जुना कोंडा पिशवीत बांधून टाकून द्यावा, डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण सुकवावा. नवा कोंडा कढईत मंद आचेवर भाजून थंड करावा, किंवा दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग पूर्ण कोरडा झाल्यावर वापरावा. पावसाळाभर गाजर किंवा बटाट्याचे काप सकाळी घालून संध्याकाळी काढून घेण्याचा नेम ठेवावा. कोंड्यात रात्रभर राहिलेला ओला काप हेच या जिवांचे आमंत्रण असते.

अळ्या कमी होण्याचे कारण वेगळेही असू शकते. भुंगेरे स्वतःची अंडी आणि कोष खातात, म्हणून दर दोन आठवड्यांनी भुंगेरे नव्या डब्यात हलवावेत आणि जुना कोंडा तसाच ठेवून त्यातून अळ्या निघण्याची वाट पाहावी. अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या अळीपर्यंत साधारण तीन महिने लागतात. २५ ते २८ अंश तापमान उत्तम. डब्याच्या तळाशी बारीक वाळूसारखी विष्ठा साचते, ती चाळताना नाकावर रुमाल बांधावा. या कीटकांच्या भुकटीने दमा उफाळू शकतो, आणि ज्यांना कोळंबी खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते त्यांना याचीही बाधा होण्याचा संभव अधिक असतो.

प्रश्न (राजगुरुनगर) : पावसाच्या तोंडावर आमच्या अंगणातील दिव्याखाली शेकडो कीटक पडतात. ते फुकट मिळत असताना विकत का घ्यावेत?

उत्तर : कारण त्यांत काय आहे हे आपणास ठाऊक नसते. पावसाच्या तोंडावर आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात काजवे असतात, आणि काजव्याच्या शरीरात हृदयावर परिणाम करणारे विष असू शकते. अमेरिकेत एखाददुसरा काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. त्या नोंदी तिकडच्या जातींच्या असल्या तरी आपल्याकडचे काजवे निर्धोक समजण्यास काही आधार नाही. बाजरीच्या कणसांवर आणि फुलांवर येणारे हिंगे भुंगेरे अंगावर फोड आणणारे कँथरिडिन बाळगतात. रुईवरचा निळा-पिवळा नाकतोडा रुईच्या चिकाचे विष स्वतःच्या शरीरात साठवतो. शिवाय शेतातून उडत आलेल्या कीटकावर कोणती फवारणी झाली आहे हे कोणी सांगू शकत नाही, आणि घरातील झुरळे तर विषारी जेल आणि जंत दोन्ही घेऊन फिरतात. जंगली कीटक द्यायचेच असतील तर फवारणीविरहित गवतातील, ओळख पक्की असलेले हिरवे नाकतोडे तेवढे द्यावेत, आणि तेही क्वचित.

प्रश्न (जालना) : आमचा तुतीचा मळा आणि रेशीम शेती आहे. भाचा मुंबईत सरडे पाळतो आणि रेशमाच्या अळ्या मागतो. रेशमाच्या अळीत कॅल्शियम भरपूर असते असे तो म्हणतो.

उत्तर : मागणी योग्य आहे, पण तिचे दिलेले कारण चुकीचे आहे. रेशमाच्या अळीतही फॉस्फरसच कॅल्शियमच्या कित्येक पट असतो, त्यामुळे भुकटी लावणे सुटत नाही. तिचे गुण दुसरे आहेत: अंग मऊ, पाण्याचा अंश भरपूर आणि चरबी फार कमी. आजारातून उठलेल्या किंवा लठ्ठ झालेल्या सरड्याला तिच्यासारखे खाद्य मिळणे कठीण. जालन्यात २०१८ पासून कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यावर मराठवाड्यात ही शेती पुष्कळ वाढली आहे, आणि सरडे पाळणाऱ्या शहरी मंडळींनी तिच्याकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही, याचे मला मनापासून आश्चर्य वाटते.

अळी २४ ते २८ दिवसांत चार वेळा कात टाकून कोषावर येते. लहान सरड्यांसाठी तिसऱ्या आणि मोठ्यांसाठी चौथ्या अवस्थेतील अळ्या पाठवाव्यात. बेडवर निर्जंतुक भुकटी किंवा चुना टाकलेला असेल त्या दिवशीच्या अळ्या देऊ नयेत. त्या वेगळ्या काढून दोन दिवस स्वच्छ पाल्यावर ठेवाव्यात. सुस्त, सुजलेल्या, चुन्यासारख्या पांढऱ्या किंवा अंगातून द्रव गळणाऱ्या अळ्या रोगट असतात, हे आपणास सांगायला नको. भाच्याला मात्र दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात: पाला ओला घालू नये, आणि तंबाखू मळलेल्या हाताने अळ्यांना किंवा पाल्याला शिवू नये. निकोटीनच्या अंशानेही त्या मरतात.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : आम्ही बेसमेंटमध्ये डुबिया झुरळे वाढवतो. उन्हाळ्यात भरपूर पिल्ले झाली, पण नोव्हेंबरपासून एकही नाही. पुण्यातील पुतण्यालाही सरडा आहे. पुढच्या भेटीत त्याच्यासाठी थोडी घेऊन जावी असा विचार आहे.

उत्तर : बेसमेंटचे तापमान वीस अंश सेल्सिअसच्या आसपास आले असेल. डुबिया मूळचे दक्षिण अमेरिकेचे. एवढ्या गारव्यात ते जगतात, पण प्रजनन थांबवतात. डब्याच्या एका बाजूला थर्मोस्टॅट जोडलेली हीट मॅट लावून तो भाग ३० ते ३३ अंशांवर ठेवावा आणि दुसरी बाजू थोडी थंड राहू द्यावी. मादी अंड्यांची पिशवी शरीरातच वाढवते आणि सुमारे दोन महिन्यांनी वीस-तीस जिवंत पिल्लांना जन्म देते, म्हणून ऊब दिल्यावर लगेच निष्कर्ष काढू नये. हिवाळ्यात घर तापवल्याने हवा कोरडी पडते आणि कात टाकताना पिल्ले अडकतात. संत्र्याच्या फोडी आणि पाण्याचे जेल सतत असू द्यावे. पूर्ण पंख असलेले ते नर, पंखांचे खुंट असलेल्या त्या माद्या; एका नरामागे तीन ते पाच माद्या राहतील अशा बेताने जास्तीचे नर आधी खाऊ घालावेत. कुत्र्या-मांजरांचे खाद्य मुख्य आहार म्हणून घालू नये, कारण जास्तीच्या प्रथिनांतून बनलेले यूरिक आम्ल झुरळे शरीरात साठवतात आणि तेच सरड्याला मिळते.

पुतण्यासाठी झुरळे आणू नयेत. भारतात जिवंत कीटक आणण्यास २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली आगाऊ परवानगी लागते, आणि सामानातून गुपचूप आणलेली परकी जात निसटली तर ती परत गोळा करता येत नाही. पुण्यात पट्टेरी रातकिडे आणि रेशमाच्या अळ्या मिळत असताना त्याची निकडही नाही.

प्रश्न (ठाणे) : हिरव्या इग्वानाला आठवड्यातून किती सुपरवर्म (मीलवर्मसारख्याच, पण मोठ्या अळ्या) द्यावेत?

उत्तर : एकही नाही. इग्वाना पाने खाणारा प्राणी आहे आणि प्राणिज प्रथिनांचा सततचा मारा त्याच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. शेवग्याचा आणि तुतीचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, लाल भोपळा असा आहार द्यावा. पालक रोज देऊ नये, त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. इग्वाना साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी आवश्यक आहे. ती राहिली असल्यास वन विभागाशी बोलून घ्यावे.

प्रश्न (रत्नागिरी) : मुलाने बागेतून रंग बदलणारा सरडा, म्हणजे शॅमेलिऑन आणला आहे. त्याला कोणते कीटक वाढवून द्यावेत?

उत्तर : भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे; त्याला पाळता येत नाही. मुलाला न रागावता, तो जेथे सापडला त्याच झाडावर आजच सोडून यावे. जखमी असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न (नाशिक) : गच्चीवरील खताच्या पिंपात चपट्या, राखाडी-तपकिरी अळ्या झाल्या आहेत. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असल्याचे कळले. सरड्याला चालतील का?

उत्तर : ओळख बरोबर असेल तर हे उत्तम खाद्य आहे, कारण कॅल्शियम फॉस्फरसहून जास्त असलेल्या फार थोड्या कीटकांपैकी ही एक अळी आहे. पिंपातील अळ्या मात्र थेट देऊ नयेत, कारण नासलेल्या कचऱ्यातील जंतू त्यांच्या अंगावर आणि पोटात असतात. पन्हळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या पिंपाच्या वरच्या बाजूला, ओल लागणार नाही अशा टांगाव्यात. माद्या त्यांच्या फटींत अंडी घालतात. त्या पट्ट्या उचलून ओलसर कोंडा आणि भाज्यांच्या सालींच्या स्वच्छ डब्यावर ठेवल्या की सुमारे चार दिवसांत अळ्या निघतात आणि दोन-तीन आठवड्यांत खाण्याजोग्या होतात. अळी काळपट होऊन डब्यातून बाहेर चढू लागली की तिची कातडी फार कडक होते, म्हणून त्याआधीच्या फिकट अळ्या वापराव्यात. काही सरडे त्या न चावता गिळतात आणि मग त्या विष्ठेतून अख्ख्या बाहेर पडतात; तसे दिसल्यास देण्यापूर्वी प्रत्येक अळीला सुईने एक-दोन ठिकाणी टोचावे, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.